शरणपूर रोडवरील एक सल्ला कार्यालय: कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या फायरमनच्या कुटुंबाचे दावे कसे मार्गी लागतात

सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांची प्रकरणे तयार करून देणारे एक लहानसे कार्यालय नाशिकमध्ये शरणपूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आहे. नगरपालिकेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांचा वकील भाचा असे दोघे ते चालवतात, आणि अग्निशमन दल, पोलीस व रुग्णवाहिका सेवा येथील कुटुंबे तिथे प्रामुख्याने येतात. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात फायरमन होते. एका भंगार गोदामाच्या आगीवरून परत आल्यानंतर काही तासांतच केंद्रावर त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि नाशिकच्या रुग्णालयात हलवल्यावर त्यांचा मृत्यू झाला. बहिणीच्या वतीने या कार्यालयाशी सर्व व्यवहार मी केला, म्हणून हे परीक्षण तपशिलाने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. कागद जुळवण्यासाठी, दाव्यांचा क्रम लावून घेण्यासाठी आणि मृत्यूचा कर्तव्याशी असलेला संबंध नोंदींतून उभा करण्यासाठी हे कार्यालय पैसे देण्याच्या योग्यतेचे आहे. पाठपुराव्यासाठी ते तसे नाही, आणि कुटुंबातल्या वाटणीच्या प्रश्नात त्यांचा सल्ला घेऊच नये.

अशा सेवेची गरज का पडते, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. माणूस कामावर असताना गेला, तर सरकारने एक अर्ज घ्यावा आणि जे देय असेल ते द्यावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात असा एक अर्ज अस्तित्वात नाही. कुटुंबनिवृत्तिवेतन, मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी), गट विमा योजनेची रक्कम, भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक, अर्जित रजेचे रोखीकरण, नगरपरिषदेने ठराव केल्यास मिळणारे सानुग्रह अनुदान, पगाराच्या खात्याला जोडलेला विमा आणि अनुकंपा नियुक्ती या सगळ्यांचे नमुने वेगळे आहेत, मंजुरी देणारे अधिकारी वेगळे आहेत, आणि काहींच्या मुदतीही वेगळ्या आहेत. अमेरिकेत पोलीस, अग्निशामक आणि अन्य आपत्कालीन सेवकांच्या कुटुंबांसाठी १९७६ साली एक स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आणि आरंभी ५०,००० डॉलर ठरलेली एकरकमी रक्कम पुढे कित्येक पटींनी वाढत गेली. त्यात अर्जाचे दोन भाग असतात, एक कुटुंबाने भरायचा आणि दुसरा मृताच्या खात्याने, आणि दोन्ही एकाच कार्यालयात जातात. आपल्याकडे खात्याने भरायचा भाग कुटुंबालाच हातात धरून टेबलाटेबलावरून न्यावा लागतो. या कार्यालयाचा धंदा नेमका त्याच फटीत उभा आहे, आणि हे मी दोष म्हणून लिहीत नाही.

पहिल्या भेटीचे ५०० रुपये घेतात आणि ती भेट खरोखर मोलाची असते. निवृत्त गृहस्थांनी बहिणीला बसवून घेतले, पाणी दिले आणि पहिला प्रश्न विचारला तो सेवापुस्तकाबद्दल. ‘ताई, सेवापुस्तक शेवटचे कधी पाहिले होते त्यांनी?’ असे विचारल्यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते, कारण कर्मचारी स्वतःचे सेवापुस्तक क्वचितच पाहतो. त्यांनी सांगितले की पुढचे सगळे त्या एका पुस्तकावर अवलंबून आहे. नियुक्तीची तारीख, कायम झाल्याचा आदेश, वेतननिश्चितीच्या नोंदी, रजेचा हिशेब, कुटुंबाचा तपशील आणि नामनिर्देशन (नॉमिनीची नोंद) हे सारे तिथे असते किंवा असायला हवे असते, आणि त्यातली एक नोंद जरी अपुरी राहिली तरी निवृत्तिवेतनाचे प्रकरण तपासणीत त्रुटी काढून परत येते. बहिणीच्या यजमानांची नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ च्या पूर्वीची असल्यामुळे त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू होती, हे त्यांनी नियुक्तीचा आदेश पाहताच सांगितले आणि महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांचा आधार घेऊन कोणते नमुने लागतील त्याची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. त्या तारखेनंतर लागलेल्यांचा मार्ग निराळा असतो. त्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, म्हणजे कर्मचाऱ्याच्या खात्यात रक्कम जमत जाणारी एनपीएस, लागू असते, आणि राज्य शासनाच्या मार्च २०२३ च्या निर्णयानंतर सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंबनिवृत्तिवेतनाचा विकल्पही मिळतो. पण तो विकल्प देण्यापूर्वी खात्यात जमलेल्या रकमेचे काय होणार, हे नीट समजून घ्यावे लागते.

या पहिल्या भेटीत त्यांनी जे आकडे समजावले, ते कोणत्याही लिपिकाने आम्हाला त्या सुरात समजावले नव्हते. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतो, सेवेत मृत्यू झाल्यास सुरुवातीची ठरावीक वर्षे तो वाढीव, म्हणजे ५० टक्क्यांच्या दराने मिळतो, आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा असतो. त्यामुळे घरखर्चाचे नियोजन पहिल्या वर्षांच्या आकड्यावर करू नये, हे त्यांनी बहिणीला दोनदा सांगितले. मृत्यू उपदान सेवेच्या लांबीवर ठरते, आणि वीस वर्षांहून अधिक सेवा असेल तर प्रत्येक पूर्ण सहामाहीमागे अर्ध्या महिन्याचे वेतन धरतात, त्याची कमाल ३३ महिन्यांची. रजा रोखीकरणाला ३०० दिवसांची मर्यादा आहे. हे सगळे बरोबर होते. मात्र त्याच खोलीच्या भिंतीवर लावलेल्या छापील तक्त्यात उपदानाची कमाल मर्यादा अजून १४ लाख रुपये अशीच होती, जी राज्य शासनाने १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख केली आहे. दाखवून दिल्यावर त्यांनी ते मान्य केले, तरी पुढच्या भेटीतही तक्ता तोच होता. ज्यांच्याकडे लोक आकड्यांसाठी येतात, त्यांनी भिंतीवर जुना आकडा ठेवणे मला पटत नाही.

आता या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे कारण हृदयविकार असे होते. नगरपरिषदेच्या कार्यालयातून आम्हाला सुरुवातीपासून एकच वाक्य ऐकू येत होते, की हा नैसर्गिक मृत्यू आहे, कर्तव्यावरचा नव्हे. कुटुंबनिवृत्तिवेतन, उपदान आणि अनुकंपा यांना या फरकाने बाधा येत नाही, कारण ते हक्क सेवेत असताना मृत्यू झाला एवढ्यावर उभे असतात. परंतु सानुग्रह अनुदानाचा ठराव आणि कर्तव्य बजावताना मृत्यू अशी अधिकृत नोंद या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दप्रयोगावर अडल्या होत्या. वर उल्लेखलेल्या अमेरिकी कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने हा प्रश्न बराचसा मिटवला. श्रमाच्या किंवा तणावाच्या कामगिरीवर असताना किंवा त्यानंतर २४ तासांच्या आत हृदयविकाराचा अथवा पक्षाघाताचा झटका आला, तर तो कर्तव्यामुळेच आला असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर जाते. आपल्या फायरमनच्या कुटुंबाला असे गृहीतक मिळत नाही, त्यामुळे संबंध कागदांनीच जोडावा लागतो.

तो कसा जोडावा, हे या गृहस्थांना पक्के ठाऊक होते, आणि त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. त्यांनी सांगितलेल्या कागदांची नावे आम्ही पूर्वी ऐकलीही नव्हती: ज्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या खबरेवर, बंब गेला तिची वर्दी नोंदवहीतील नोंद, बंबाच्या लॉगबुकातील निघण्याची व परतण्याची वेळ, त्या पाळीचे हजेरीपत्रक, घटनेचा अहवाल, केंद्रावरून रुग्णवाहिका बोलावल्याची वेळ, रुग्णालयातील दाखल करतानाची टिपण आणि पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद करून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली केलेला पंचनामा. या प्रत्येक कागदावर वेळ लिहिलेली असते, आणि त्या वेळा एकाखाली एक लिहिल्या की गोदामातल्या धुरात घालवलेले तास आणि छातीत दुखायला लागल्याचा क्षण यांतले अंतर आपोआप दिसते. त्यांनी असा एक पानाचा घटनाक्रम तयार केला आणि त्यात स्वतःचे एकही विशेषण घातले नाही. ‘शूर’, ‘हुतात्मा’ असले शब्द मी माझ्या मसुद्यात घातले होते, ते त्यांनी सरळ खोडले आणि म्हणाले की ठराव मांडणाऱ्याला ते शब्द भाषणात वापरता येतील, टिपणीत वेळा असू द्या. नोंदवह्या कालांतराने जुन्या कपाटात जातात आणि मग सापडत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रमाणित प्रती माहितीच्या अधिकारात लगेच मागा, असाही त्यांचा आग्रह होता. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आमच्या प्रकरणात विभागप्रमुखांच्या अहवालात अखेरीस ‘वर्दीवरील कामगिरीनंतर अल्पावधीत’ असा उल्लेख आला, तो या घटनाक्रमामुळेच, याबद्दल मला शंका नाही.

मृत्यू प्रमाणपत्राच्या बाबतीतही त्यांच्या अनुभवाचा उपयोग झाला. मृत्यूची नोंद जिथे राहतो तिथे होत नाही, तर जिथे मृत्यू घडला त्या हद्दीत होते. यजमान नोकरीला एका तालुक्याच्या गावी, आम्ही नाशिकरोडला, आणि मृत्यू नाशिक शहरातल्या रुग्णालयात, म्हणून प्रमाणपत्र महानगरपालिकेच्या संबंधित विभागीय कार्यालयातून घ्यायचे होते. नोंदीची सर्वसाधारण मुदत २१ दिवसांची असते आणि रुग्णालय ती कळवते, पण नावातले अक्षर तपासण्याचे काम कुटुंबाचेच असते. आमच्याकडे सेवापुस्तकात वडिलांच्या नावाची एक वेलांटी, आधार कार्डावर दुसरी आणि विवाह नोंदणीत बहिणीचे माहेरचे नाव अशी तिहेरी विसंगती होती. गृहस्थांनी प्रमाणपत्राच्या पुरेशा प्रती घ्यायला लावल्या आणि नावांच्या फरकासाठी एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करायला सांगितले. इथे मात्र त्यांच्या भाच्याने ते ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावे लागेल असे सांगून त्याचे पैसे वेगळे मागितले. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे आणि ते साध्या कागदावर चालते. हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, पैसेही परत दिले, पण न सांगणाऱ्या कुटुंबाचे काय होत असेल, हा विचार मनातून जात नाही.

नामनिर्देशनाच्या प्रश्नात या कार्यालयाचे ज्ञान आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसले. यजमानांनी नोकरीला लागताना, लग्नापूर्वी, गट विम्यासाठी आणि भविष्य निर्वाह निधीसाठी आईचे नाव दिले होते आणि ते नंतर कधी बदललेच नव्हते. हे असंख्य घरांत असते. गृहस्थांनी कायद्याची बाजू उत्तम समजावली. कुटुंबनिवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नसते, त्यामुळे ते मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, आणि नियमांनी ठरवलेल्या क्रमानुसार ते पत्नीकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका निकालात हे स्पष्ट केलेले आहे. इतर संचित रकमांचे तसे नसते. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच सांगितले आहे, की नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते पण केवळ त्यामुळे ती तिची मालक होत नाही. वारसांत वाटायची वेळ आली, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुले, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गातले वारस असतात आणि त्यांचा वाटा सारखा असतो. मुलाच्या मिळकतीत आईला पत्नीइतकाच वाटा असतो आणि त्याच्या कुटुंबनिवृत्तिवेतनात मात्र सून हयात असेपर्यंत काहीच नसतो, हे ऐकून बहिणीच्या सासूबाई गप्प झाल्या होत्या, आणि ते साहजिक होते.

इथपर्यंत ठीक होते. पुढे भाच्याने सुचवले की सासूबाईंकडून हक्कसोडपत्र करून घ्यावे, म्हणजे प्रकरण ‘स्वच्छ’ होईल. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, मुलगा नुकताच गेलेल्या बाईकडून तिचा कायदेशीर वाटा लिहून घेण्याचा सल्ला देताना त्यांना काही वावगे वाटले नाही, हे मला खटकले. त्यांच्या दृष्टीने स्वाक्षऱ्या कमी म्हणजे त्रुटी कमी. आम्ही तसे केले नाही. रक्कम सासूबाईंच्या नावे आली, त्यांनी तिच्यातला काही भाग बहिणीच्या आणि मुलांच्या नावे मुदत ठेवीत ठेवला आणि स्वतःचा भाग स्वतःकडे ठेवला. यासाठी वकील लागला नाही, एक संध्याकाळ आणि घरातले मोठे दीर लागले. ज्यांच्या घरात सासू-सुनेचे बोलणे बंद आहे, त्यांनी या विषयात सासूबाईंसाठी वेगळा वकील करावा. एकाच वकिलाने दोघींचे पाहणे योग्य नाही.

कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे कार्यालय किती उपयोगी आहे, हे मला तिथे भेटलेल्या एका दुसऱ्या कुटुंबावरून कळले. त्यांचा मुलगा एका कंत्राटदाराकडे रुग्णवाहिकेचा चालक होता आणि रुग्णाला घेऊन येताना महामार्गावर झालेल्या अपघातात गेला. त्या घराला ना सरकारी निवृत्तिवेतन, ना अनुकंपा. तरीही काहीच मिळणार नाही ही त्यांची समजूत खोटी होती, आणि ती या गृहस्थांनीच दूर केली. भविष्य निर्वाह निधीचा सदस्य सेवेत असताना गेला, तर ठेव संलग्न विमा योजनेतून कुटुंबाला किमान अडीच लाख आणि कमाल सात लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. निधीतली शिल्लक, निधीच्या योजनेतले निवृत्तिवेतन आणि हा विमा हे तिन्ही दावे एकाच वेळी करायचे असतात. कर्मचारी राज्य विमा लागू असेल आणि मृत्यू कामामुळे झालेला असेल, तर अवलंबितांना सरासरी मजुरीच्या ९० टक्के एवढा लाभ दरमहा मिळतो, त्यात विधवेचा हिस्सा तीन पंचमांश असतो. ही योजना दरमहा २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू आहे, आणि बहुतेक कंत्राटी चालक त्या मर्यादेच्या आतच असतात. समोरच्या वाहनाची चूक असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग वेगळा आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्यामुळे शोकाचे महिने सरेपर्यंत थांबणे महागात पडते. त्या बापाला हे सगळे उभ्या उभ्या, पैसे न घेता सांगितले गेले. सिंहस्थासाठी शहरात जी कंत्राटी मनुष्यबळाची भरती होते, त्यातल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी निदान पगाराच्या पावतीवर निधीची आणि राज्य विम्याची कपात दिसते का, एवढे पाहून ठेवावे, असे ते ऐकताना वाटले.

विम्याच्या बाबतीत माझी तक्रार मात्र गंभीर आहे. पगाराच्या खात्याला जोडलेला वैयक्तिक अपघात विमा होता आणि त्याचा दावा या कार्यालयाने उत्साहाने तयार करून दिला. वैयक्तिक अपघात विम्यात बाह्य, आकस्मिक आणि दृश्य कारणाने झालेली इजा लागते. हृदयविकार त्यात बसवणे फार कठीण असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्याला माहीत असायलाच हवे. दावा नाकारला गेला. पैशांचे नुकसान फारसे झाले नाही, पण बहिणीने त्या रकमेवर मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मांडला होता. ‘करून पाहू’ आणि ‘मिळेल’ या दोन वाक्यांतले अंतर दावा लिहिण्यापूर्वी स्पष्ट करायला हवे होते. हाच दावा रस्ते अपघातात किंवा भिंत कोसळून गेलेल्या फायरमनचा असता, तर तो भक्कम ठरला असता आणि अशा प्रकरणांत सूचना देण्याची मुदत काटेकोर असते, हेही इथेच नोंदवतो.

शुल्काविषयी. संपूर्ण प्रकरणाचे १२,००० रुपये एकरकमी ठरले, निम्मे आधी आणि निम्मे कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाल्यावर. त्यात अर्ज, घटनाक्रम, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे आणि पाठपुरावा हे सारे असल्याचे सांगितले होते. पावती मागितल्यावरच मिळाली. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाकडून दुसऱ्या एका मध्यस्थाने मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर काम घेतले होते, तसा प्रकार इथे झाला नाही, ही या कार्यालयाची जमेची बाजू. टक्केवारीची भाषा कोणी केली तर उठून यावे. वकिलाला निकालाच्या रकमेत वाटा ठरवून शुल्क घेण्यास वकील परिषदेचे नियम मनाई करतात, आणि निवृत्तिवेतन कायदा, १८७१ प्रमाणे पुढे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा हिस्सा दुसऱ्याच्या नावे करून देणारा करार मुळातच रद्दबातल असतो. त्या कायद्याला दीडशे वर्षे उलटून गेली, तरी अशा टक्केवाऱ्या आजही बोलल्या जातात.

पाठपुरावा हा या सेवेचा सर्वांत कमकुवत भाग. प्रकरण दाखल होईपर्यंत गृहस्थांचा फोन लागत असे. दाखल झाल्यावर तो भाच्याकडे गेला आणि भाच्याची उत्तरे ‘साहेब रजेवर आहेत’, ‘टेबलावर आहे’ यापलीकडे गेली नाहीत. सेवापुस्तक वेतन पडताळणीसाठी गेले आहे की लेखा विभागात आहे, हे आम्हालाच जाऊन आवक-जावक क्रमांकावरून शोधावे लागले. एकदा तर ‘थोडा वरचा खर्च करायची तयारी असेल तर’ असे अर्धवट वाक्य ऐकू आले, जे मी तिथेच तोडले. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, हे गृहस्थांनीच पहिल्या दिवशी शिकवले होते, आणि पुढे त्या पोचांच्या आधारावरच आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी स्मरणपत्रे दिली. ज्या दाखल्यांच्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत, त्यांना ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळाले नाही तर प्रथम व द्वितीय अपील करता येते. मृत्यू प्रमाणपत्रासारख्या गोष्टींत त्याचा उपयोग होतो. निवृत्तिवेतनाच्या टिपणीला मात्र माणूसच मागे लागावा लागतो, आणि तो घरातला असलेला बरा. त्यामुळे १२,००० पैकी पाठपुराव्यापोटी समजले जाणारे पैसे वाया गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ मसुदे आणि यादी यांसाठी वेगळा कमी दर मागून पाहावा. एका कुटुंबाला तो मिळाल्याचे मी तिथेच ऐकले.

अनुकंपा नियुक्तीबाबत त्यांचा सल्ला संयत होता. ही नियुक्ती गट-क आणि गट-ड मधल्या पदांवर, पात्रतेनुसार आणि प्रतीक्षायादीच्या क्रमाने मिळते, एकाच वारसाला मिळते, इतरांची नाहरकत लागते, आणि नोकरी घेणाऱ्याने कुटुंबातल्या बाकीच्यांचा सांभाळ करण्याची हमी द्यावी लागते. ती हक्क म्हणून मागता येत नाही. अचानक ओढवलेल्या आर्थिक संकटातून कुटुंबाला सावरण्यासाठी ती सवलत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले आणि तोच निकाल अजून प्रत्येक नकारपत्रात उद्धृत होतो. गृहस्थांनी बहिणीला विचारले की तिला स्वतःला नोकरी करायची आहे की दोन वर्षांनी पदवीधर होणाऱ्या मुलीसाठी थांबायचे आहे. त्यांनी दोन्हींचे परिणाम सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोडला. अर्जाच्या मुदतीत आत्ताच नाव नोंदवण्याचा आग्रह मात्र धरला, कारण मुदत गेल्यावर ती माफ करून घेणे ही वेगळी लढाई असते. बहिणीने स्वतःचे नाव दिले. ती बारावी आहे, तिचे टंकलेखन झालेले आहे, आणि लिपिक पदाच्या यादीत तिचे नाव लागले आहे.

प्राप्तिकराबद्दल त्यांनी काहीच सांगितले नाही, ही एक उणीव. उपदानाची रक्कम वारसांच्या हाती करमुक्त असली, तरी कुटुंबनिवृत्तिवेतन ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून करपात्र असते आणि त्यातून एक तृतीयांश किंवा कायद्याने ठरवलेली मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती वजावट मिळते. बहिणीचे उत्पन्न करमर्यादेच्या आत असल्याने आम्हाला फरक पडला नाही, पण नोकरी असलेल्या पत्नीला तो पडेल. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, हेही आम्हाला बँकेतून समजले.

कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिना उभा आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना नेण्यापूर्वी फोन करून गृहस्थांनाच खाली बोलवावे, ते येतात. सकाळची वेळ धरावी, कारण दुपारनंतर ते स्वतः नसतात आणि सगळे काम भाच्याकडे जाते. जाताना नियुक्तीचा आदेश, शेवटच्या काही महिन्यांच्या वेतनपावत्या, मृत्यू प्रमाणपत्र, विवाह नोंदणी, सर्वांचे आधार कार्ड आणि बँक पासबुकांच्या प्रती न्याव्यात. मूळ कागद ते ‘फाइलला राहू द्या’ म्हणून ठेवून घेऊ पाहतात. ते पडताळून झाले की त्याच वेळी परत घ्यावेत आणि त्यांच्याकडे फक्त झेरॉक्स ठेवाव्यात.